उपरण्याखालची बोटं

दात

बैल घेताना आधी दात बघतात. कानिफनाथाचे बघितले असते तर सात निघाले असते, आणि त्या सातांनी तो त्या सकाळी साळूबाईला फाडून खायला निघाला होता. कारण साळूबाईनं परसाच्या दारातून, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "आली का?"

आली नव्हती. काल दुपारपासून लघवीचा थेंब नव्हता. ओटीपोट तट्ट फुगलेलं, कपाळावर घाम, आणि हा भिंतीकडे तोंड करून उभा.

"गप बस."

"दोन वरसं गपच हाय मी. रातीतनं सा-सा बारी उठता. धोतर वलं हुतं ते मीच धुते. मला काय डोळं न्हाईत?"

"तुला डोळं हायेत, जीभ कशाला दिली कुनास ठाऊक."

"चला नगरला. न्हाईतर मी भीमाला हाक मारते, तोच गाडी जुपंल."

हे नाव काढायला नको होतं. भीमा आणि कानिफनाथ, घोडेगावच्या बाजारातले दोन दलाल, तीस वर्षांचं वैर. भीमाला कळलं की बाजाराला कळलं. आणि बाजारात दलालाची जी पत असते ती त्याच्या हातात असते, उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्या हातात. त्या हाताला एकदा लोक हसले की कोणी तो धरत नाही.

शिवाय त्याला पक्कं ठाऊक होतं की दवाखान्यात नेऊन काय करतात. त्या साली नसबंदीची सरकारी जीप गावोगाव फिरत होती, लाल त्रिकोण रंगवलेली, कर्णा लावलेली. आणि गोऱ्हे बडवताना, त्यांच्या गोळ्या ठेचताना, दावं धरायला कानिफनाथ स्वतः उभा राहिला होता, पन्नास वेळा तरी. गोऱ्हा कसा ओरडतो आणि नंतर कसा मुकाट चालतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

दुपारी मात्र तो स्वतःच म्हणाला, "यष्टी कितीला हाय?"

चाल

पाय फाकून. झुलत. धापा टाकत.

असला बैल त्यानं कोणाला फुकट घेऊ दिला नसता.

हात

नगरच्या दवाखान्यात नृसिंह डॉक्टरांनी आधी रबराची तांबडी नळी घातली. तपेलं भरलं. दुसरं अर्धं. त्या घटकेला डॉक्टरांनी विहिरीवरचं रान मागितलं असतं तरी कानिफनाथानं लिहून दिलं असतं.

मग डॉक्टर म्हणाले, "आता कुशीवर व्हा. गुडघे पोटाशी घ्या." आणि अंगावर चादर टाकली. आणि हातमोजा चढवला.

तीस वर्षं या माणसानं कापडाखाली दुसऱ्यांची बोटं वाचली होती. कोण खोटं बोलतोय, कोण नडलाय, कोणाच्या घरी लग्न आहे, सगळं बोटांवरून. आणि आता कापडाखाली भलत्याच ठिकाणी भलत्याचंच बोट, आणि समोर नुसती भिंत. संतापानं त्याचे कान पेटले.

"किंमत किती सांगितली?" तो दात खाऊन म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई. उरका."

डॉक्टर हात धूत बोलायला लागले. प्रोस्टेट नावाची गाठ प्रत्येक पुरुषाला असते. उतारवयात ती वाढते, वाट दाबते. नुसतं रात्री उठावं लागतं म्हणून कोणी पोट फाडत नाही. पण लघवी पुरती अडली, नळी काढल्यावर परत अडली, रक्त यायला लागलं, आत खडा झाला, मूत्रपिंडावर ताण आला, यातलं काही झालं की थांबायचं नाही. "चार दिवसांनी नळी काढून बघू. सुटली तर घरी जा."

चार दिवसांनी काढली. सुटली नाही. परत घातली.

शेजारच्या खाटेवर बेलापूरचा एक जण होता, मुतखडा लिंबाएवढा. त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पलीकडे काष्टीचा, अंडात पाणी झालेला. त्याला डॉक्टर म्हणाले, दुखत नसेल, चालायला अडत नसेल तर घाई नाही. काष्टीवाला रुसला. म्हणाला, येवढ्या लांबून आलो, कापा की. कानिफनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. कापून घ्यायला भांडणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

सौदा

"हात आना," कानिफनाथ डॉक्टरांना म्हणाला, आणि उपरणं त्यांच्या मनगटावर टाकलं. "धा जनांत किती मरत्यात, बोटानं सांगा. तोंडानं मानूस कायबी बोलतो."

बाहेर रांग खोळंबली होती. तरी डॉक्टरांनी हात आत दिला. मग त्यांनी करंगळीचं एक पेर धरलं. पेराचंही अर्धं.

ते बोट खरं होतं. कानिफनाथाला ते कळलं.

"आणखी एक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "याच वेळी दोन्ही बाजूंच्या वीर्यनळ्या बांधाव्या लागतात. नाहीतर पू खाली उतरून गोळ्या सुजतात."

कानिफनाथानं हात काढून घेतला. "म्हंजी बडवनार."

"नाही. बैल बडवतात तेव्हा गोळीच मारतात. मी फक्त वाट बांधतो. तुमचा आवाज, मिशी, राग, सगळं जागेवर राहील."

"आन कळंल कुनाला?"

"तुम्हाला आणि मला."

दाराशी रविकांत उभा होता. कुटुंब नियोजनाचा कर्मचारी, मार्च संपत आलेला, वर्षाचा नसबंदीचा आकडा अपुरा, काखेत वही. कानिफनाथाचं तिकडे लक्ष नव्हतं.

खांदा

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं जग दोन तास नव्हतं. मग आलं, आणि येताना विस्तव घेऊन आलं. नऊ दिवस नळी. दहाव्या दिवशी, साळूबाईच्या खांद्याला धरून मोरीत गेल्यावर, धार.

साळूबाई दाराबाहेरून म्हणाली, "आली का?"

या वेळी तो ओरडला नाही. त्याला रडू येत होतं, आणि त्याचाही त्याला राग येत होता.

फळा

दोन महिन्यांनी तो बाजारात आला. तोंडाशीच, चहाच्या दुकानालगत, नवा फळा.

स्वेच्छेने नसबंदी करून घेतलेले आदर्श नागरिक. सात नंबरला कानिफनाथ. मुले तीन. वय ३८.

त्याचं वय सदुसष्ट.

"तात्या," भीमा चहाची बशी फुंकत म्हणाला, "पार तरने झाले की वो. कुठली पेंड खाता?"

सगळे हसले. कानिफनाथ बैलांच्या ओळीत गेला. शेवगावच्या गिऱ्हाइकासमोर उपरणं धरलं. गिऱ्हाइकानं उपरण्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि पान खायला निघून गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यानं नुसते हात पाठीमागे बांधले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यानं रविकांतला चहाच्या बाकावरून गचांडी धरून उठवलं.

"पूस ते."

"तात्या, नळी बांधली ना? मग खोटं काय लिहिलं? माझा आकडा—"

"तुझा आकडा?"

त्यानं रविकांतला सोडलं. बैलगाडीच्या साटीवर चढला. आणि जे दोन वर्षं बायकोलाही बोलू दिलं नव्हतं ते बाजाराला ऐकवलं.

"मी सदुसष्टचा हाय.

माझं मूत तुंबलं हुतं.

दोन वरसं रातीतनं सा बारी उठलो. धोतरात केलं. बायकूनं धुतलं.

ढुंगनात बोट घातलं डाक्तरनं. हसा. हसा की, भीमा.

प्वाट फाडून गाठ काढली आंब्याच्या कोयीयेवढी. नळी बांधली ती पू उतरू नये म्हनून. ह्या भाड्याच्या आकड्यासाटी न्हाई.

मी कुनाचा आकडा न्हाई.

आता मुततो कसा ते बघायचं आसंल तर या वड्याला."

कोणी गेलं नाही. कोणी हसलंही नाही. एक बैल मात्र तेवढ्यात मुतायला लागला, आणि त्याची धार बराच वेळ ऐकू येत राहिली. रविकांतनं पंच्याचं टोक ओलं केलं आणि सात नंबरवरून फिरवलं.

कानिफनाथ खाली उतरला. अजून कोणाला तरी मारावं असं वाटत होतं.

भीमा जवळ आला. समोरच्या खिलारी बैलाकडे बघत उभा राहिला, दलाल राहतात तसा. आणि स्वतःचं उपरणं कानिफनाथाच्या हातावर टाकलं.

"बैल कसा वाटतो, तात्या?"

कापडाखाली भीमानं कानिफनाथाचं एक बोट धरलं. मग दोन. मग पुरी पाच. थांबला. पुन्हा एक. पाच आणि एक, सहा. रातीतनं सा बारी.

कानिफनाथानं त्याच्याकडे पाहिलं नाही. खिलारीच्या वशिंडाकडे पाहिलं.

"किती दिस?" तो पुटपुटला.

भीमानं एक बोट धरलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "वरीस झालं आसंल बैलाला."

बोट खरं होतं. कानिफनाथानं भीमाचा पंजा कापडाखाली असा आवळला की हाडं वाजली. तीस वर्षांचं वैर त्या आवळण्यात होतं, आणि त्यातलं थोडंही त्याला सोडायचं नव्हतं.

"सोमवारी," तो म्हणाला. "पैल्या यष्टीनं. मी संगं येतो. न्हाई आलास तर ह्या फळ्यावर तुझं नाव मी लिवीन, भीमा. वय आडतीस."