वहिनी नावाच्या चाळीस ओळी

डोळ्यांच्या दवाखान्यातून सासऱ्यांना हाताला धरून ती ऑफिसात आली, तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं होतं. काळ्या चष्म्याआडून त्यांना समोरचं टेबलही धड दिसत नव्हतं. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि वळली, तर दीर समोर उभा.

"वहिनी, वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "कंपनीने मशीनं काढून घेतली. तुमची सगळीच्या सगळी."

"कधी?"

"सकाळीच कधीतरी. मीही मघाशीच बघितलं."

घराच्या तळमजल्यावरचं हे तीन टेबलांचं ऑफिस सासऱ्यांनी उभं केलं होतं. पूल, मनोरे, छपरं यांच्यावर वारा कसा आदळेल याचं गणित इथे व्हायचं. एवढं गणित टेबलावरच्या कंप्युटरला झेपत नाही, म्हणून एका मोठ्या कंपनीची मशीनं इंटरनेटवरून भाड्याने घ्यायची. तीही कंपनीकडे रिकामी पडलेली, म्हणून स्वस्त. मागणी नोंदवायची आणि वाट बघायची. रिकामं असेल तर मिळतं. अट एकच, कंपनीला स्वतःला गरज पडली की ती मशीन परत घेते. पण घेण्याआधी दोन मिनिटांची सूचना देते. सुनेने लिहिलेला प्रोग्राम त्या दोन मिनिटांत झालेलं सगळं काम साठवून ठेवायचा. गेल्या वर्षभरात नऊ वेळा मशीनं गेली होती, आणि नऊही वेळा काम शाबूत होतं.

आज साठवणीच्या जागेत काहीच नव्हतं. तिने दोनदा उघडून पाहिलं.

"मग तुमच्या त्या दोन मिनिटांच्या खुबीचं काय झालं?" दिराने विचारलं. आवाज हळहळल्यासारखा होता. मग बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, मी म्हणत होतो ना, सगळं एकट्या वहिनींवर टाकू नका म्हणून."

 चार वाजता एक इंजिनिअर रिपोर्ट घ्यायला येणार होता. त्याच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी छप्पर बसायचं होतं, आणि त्याचं गणित तीस तास चालत आलं होतं. पण त्याच्या येण्यात आणखी एक गोष्ट होती. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आणि यापुढे रिपोर्टवर सही कोणाची, हे ते आज इंजिनिअरसमोर सांगणार होते. गेली सहा वर्षं गणितं ती करत होती. दीर गिऱ्हाइकांशी छान बोलायचा.

प्रोग्राम दर अर्ध्या तासाने तिच्या फोनवर निरोप धाडायचा. साडेदहाचा निरोप होता, एक्क्याण्णव टक्के. अकराचा आला नाही, तेव्हा दवाखान्याच्या जाड भिंतींमुळे असेल असं वाटून तिने फोन पर्समध्ये टाकला होता.

"मला मागण्यांची यादी बघायची आहे," ती म्हणाली.

कंपनीच्या खात्यात शिरायला एक कोड लागायचा आणि तो दिराच्या फोनवर यायचा. तशी सोय त्यानेच करून घेतली होती. त्याने आपल्या टेबलावर यादी उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला. "बघा ना. लपवायचंय काय त्यात?"

पडद्यावर चाळीस ओळी होत्या. सगळ्या त्याच्या, कोणा बिल्डरच्या मनोऱ्याची जाहिरातीची फिल्म बनवायचं काम. वरच्या कोपऱ्यात फिल्टर लागलेला होता: फक्त चालू मागण्या.

"हा फिल्टर काढा. बंद झालेल्याही दिसू देत."

"काढतो की. पण आधी जेवून घेऊ. बाबांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि तुम्ही तरी कुठे खाल्लंय?" त्याने लॅपटॉप मिटला. "गेलेली मशीनं काय परत येणार आहेत? चला, आई वाट बघतेय."

सासऱ्यांचं नाव निघाल्यावर तिला नाही म्हणता येईना. ती वर गेली.

जेवताना दीर उठून सगळ्यांना वाढत होता. स्वतःचा पाण्याचा पेला कधी न भरणारा माणूस तिच्या ताटात आग्रहाने भाजी घालत होता.

सासूबाई बघतच राहिल्या. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"वहिनी किती राबतात, आई. आपण कधी विचारतो का त्यांना?" तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही जेवून जरा आडव्या व्हा. इंजिनिअरला मी सांभाळतो. तीनच्या सुमाराला खाली या सावकाश, मग बघू तुमची ती यादी."

तीनच्या सुमाराला. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

बंद झालेली मागणी यादीत चार तास राहते. मग कंपनी ती ओळ पुसून टाकते, मागमूस राहत नाही. हे तिला सहा वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या आठवड्यात, ह्याच दिराने शिकवलं होतं. साडेदहापर्यंत काम चालू होतं. म्हणजे ओळी अडीचपर्यंत नक्की होत्या, आणि तीनला असतीलच असं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सोळा मिनिटं झाली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा कामासाठी परगावी होता, ते एक बरंच झालं. तो असता तर "जाऊ दे गं" म्हणाला असता.

ती ताटावरून उठली. "भाऊजी, कोड सांगा."

"वहिनी, अहो जेवताना..."

"कोड."

"फोन चार्जिंगला लावलाय. बंद पडलाय बहुतेक."

"तुमच्या शर्टाच्या खिशात वाजतोय तो कोणाचा मग?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय झालंय एवढं? दोन घास खाऊन घे." सासऱ्यांनी काळा चष्मा आवाजाच्या दिशेने वळवला. "चल खाली," ते मुलाला म्हणाले. "मलाही घेऊन चला."

जिना उतरायला त्यांना सात मिनिटं लागली. एका बाजूने दीर आणि दुसऱ्या बाजूने ती. दीर प्रत्येक पायरीवर थांबून म्हणत होता, "सावकाश, बाबा. अगदी सावकाश."

खाली आल्यावर तो चटकन आपल्या खुर्चीत बसला. "मीच काढून दाखवतो." त्याने फिल्टरमध्ये दुसरा शब्द घातला. प्रत्येक मागणीला लेबल असतं, कोणाचं काम ते कळायला. तिच्या मागण्यांना 'वहिनी' असं लेबल होतं. तेही त्यानेच गमतीने घातलं होतं, आणि ती हसली होती. आता त्याने यादीला विचारलं: लेबल वहिनी. उत्तर आलं, शून्य.

"बाबा, शून्य," त्याने वाचून दाखवलं. "वहिनींच्या नावावर एकही मागणी नाही. आता मला तर शंका येते, मागणी नीट नोंदवली तरी होती का?"

बापाला पडदा दिसत नव्हता. म्हणून तर तो इतक्या निवांतपणे वाचत होता. 'फक्त चालू' हा पहिला फिल्टर तसाच लागलेला होता. दोन्ही अटी एकदम लावल्यावर शून्यच येणार.

"उठा," ती म्हणाली.

"अहो वहिनी..."

"उठा म्हटलं ना त्या खुर्चीतून!"

इतक्या मोठ्याने ती या घरात कधी बोलली नव्हती. तो उठला. तिने पहिला फिल्टर काढला, आणि वहिनी नावाच्या चाळीस ओळी पडद्यावर उतरल्या. दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती. तिने आधी प्रिंटरला हुकूम सोडला, जितकी मोठी अक्षरं निघतील तितकी मोठी. मग वाचायला लागली.

"पहिली ओळ. लेबल वहिनी. मागणी रद्द, मशीन बंद. कारण, वापरकर्त्याने बंद केलं. वेळ, दहा बेचाळीस. दुसरी ओळ. लेबल वहिनी. मागणी रद्द, मशीन बंद. कारण, वापरकर्त्याने बंद केलं. वेळ, दहा बेचाळीस. तिसरी ओळ..."

"पुरे," दीर म्हणाला.

"वाच," सासरे म्हणाले.

तिने आठ ओळी वाचल्या. नवव्या ओळीला सासऱ्यांनी हात वर केला. "कंपनीने काढून घेतलं असतं तर कारण काय दिसलं असतं?"

"तसं लिहिलं असतं. आणि आधी दोन मिनिटांची सूचना आली असती, बाबा. माणसाने बंद केलं की सूचना नसते. म्हणून काहीच साठवलं गेलं नाही."

"दहा बेचाळीसला ही माझ्या डोळ्यात दुसऱ्यांदा औषध घालत होती," सासरे मुलाला म्हणाले. "नर्सने वेळ मोठ्याने सांगितली होती."

दिराने मान खाली घातली. "एका वेळी चाळीसच मशीनं घेता येतात आपल्याला. बिल्डर माझ्या डोक्यावर बसला होता. मला वाटलं, वहिनींचा प्रोग्राम साठवेल सगळं, मग पुन्हा चालू करता येईल. आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं सूचना जात नाही ते."

"नुसती मागणी रद्द केली तर मशीन बंद होत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "ते वेगळं बंद करावं लागतं. त्याआधी पडदा विचारतो, नक्की बंद करायचं का? तुम्ही हो म्हणालात. मला एक फोन करावासा वाटला नाही. आणि वर दोष माझ्या माथी! परकी कंपनी दोन मिनिटं आधी सांगते. घरच्यांना तेवढंही जमलं नाही."

प्रिंटर कागद ओकत होता. 

"हे बघ, सूनबाई," सासरे म्हणाले. "चुकलाच तो. मी बोलेन त्याच्याशी. पण ही घरातली गोष्ट आहे. इंजिनिअरला आपण सांगू, कंपनीने काढून घेतली. तो काय तपासायला बसणार आहे?"

"तो तपासणार नाही. पण मग साठवलं का नाही, हे विचारेल. त्याचं उत्तर माझ्या नावावर जाईल."

"सही तुझीच राहील. हे मी आत्ताच सांगतो."

"खोट्याच्या बदल्यात मिळालेली सही मला नको," ती म्हणाली.  प्रिंटरमधून कागद उचलून तिने ते सासऱ्यांच्या मांडीवर ठेवले. "मोठ्या अक्षरांत छापलंय. चारपर्यंत तुमचे डोळे निवळतील. काय वाचून दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

दोन बेचाळीसला तिने यादी पुन्हा मागवली. या वेळी कोणताही फिल्टर नव्हता. वहिनी नावाची एकही ओळ उरली नव्हती.

मग ती दिराकडे वळली. "आता तुमची चाळीस बंद करा. माझ्यासमोर. नक्की का विचारेल तेव्हा हो म्हणा, सवय आहे तुम्हाला."

त्याने बापाकडे पाहिलं. बापाचा चष्मा कागदांवर होता. त्याने मुकाट्याने आपली मशीनं बंद केली. तिने त्याच जागी नव्या मागण्या नोंदवल्या. लेबलाच्या चौकटीत 'वहिनी' आपोआप आलं होतं. ते तिने खोडलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

इंजिनिअर चारला पाच मिनिटं कमी असतानाच आला. सासऱ्यांनी काळा चष्मा काढला, पहिला कागद हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले.  मग शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द लावत त्यांनी वाचलं, "कारण... वापरकर्त्याने... बंद केलं." कागद खाली ठेवून ते म्हणाले, "वापरकर्ता माझा धाकटा मुलगा. काम वाया गेलं. चूक आमची."

इंजिनिअरने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. "मग आता रिपोर्ट कधी?"

"हिला विचारा," सासरे म्हणाले. "यापुढे हिलाच विचारायचं."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर राग उतरेल. तो काही उतरला नाही.

"तेहेतीस तास," ती म्हणाली. "मध्ये घरातल्या कोणी हात लावला नाही तर." आणि हात दिरापुढे धरला. "भाऊजी, तो फोन. कोड यापुढे माझ्या नंबरवर येईल."