कबर कुठं हाय?

लेखकाला तेवढी कबर विचारायची आणि निघायचं, एवढंच रशीदच्या मनात होतं. पण कोल्हापुरात पाहुणा हाताला लागला की आपण त्याला सुखासुखी सोडतोय व्हय? एलिसेओ बारागान, मूळच्या मेक्सिकन घरातला, अमेरिकेत नाव काढलेला कथाकार. त्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, आणि वर भाषणं. बोलून बोलून नुसता जीव खाल्ला. मागच्या खुर्चीत रशीद मुठी आवळून बसला होता.

त्याचा थोरला पोरगा अझहर शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. कुठल्या तरी एजंटाच्या नादी लागला, मेक्सिकोवरनं चोरून अमेरिकेत जायला निघाला आणि वाळवंटात राहिला. बरोबरच्या पोरांनी फोनवर सांगितलं, चालताना पडला, आम्ही पुढं आलो. बस्स. रशीदची बायको हुसेनबी पोराचा चाळिसावा करू देईना. माती बघितल्याबिगर फातिहा कशी द्यायची, म्हणायची.

मग एका रविवारी धाकट्या लेकीनं, शबनूरनं पेपरातली बारागानची गोष्ट वाचून दाखवली. सरहद्दीवर तहानेनं मेलेला पोरगा, आणि त्याला चर्चमागं पुरणारी म्हातारी. रशीद ताडकन उठून बसला. इतकं बारीक कोण मनानं लिहील? ह्या माणसानं बघितलंय, ह्यालाच ठाऊक असणार.

बारागाननं आज तीच गोष्ट वाचायला घेतली. स्वप्नाली मॅडम तुकड्यातुकड्यानं मराठीत सांगत होत्या. म्हातारी माती लोटायला लागली आणि रशीदला दम निघेना. वाचन संपायच्या आधीच तो उभा राहिला.

"पावणं, ती कबर कुठं हाय? गावाचं नाव तेवढं सांगा. माझा पोरगा हाय त्यो."

मॅडमनी प्रश्न सांगितला. बारागाननं पुस्तक मिटलं आणि हळूहळू बोलत राहिला. मॅडम ते मराठीत सांगायला लागल्या.

"अशी कबर कुठंच नाही, म्हणतात. म्हातारीही नाही. तो पोरगा म्हणजे त्यांचा भाऊ. त्याच वाटेनं येत होता, तो सापडलाच नाही. आईला रडायला एक जागा पाहिजे होती, म्हणून यांनी कबर लिहिली."

रशीदला वाटलं, आपण ओरडावं. पण समोरच्या माणसाचे डोळे बघून त्याचा रागच गेला.

"मग आईला पटली का ती कबर?"

मॅडमनी विचारलं. बारागाननं मान हलवली आणि थोडं बोलला.

"नाही. मरेपर्यंत वाट बघत होती, म्हणतात."

रशीद खाली बसला. घरी उचगावात हुसेनबी गावाचं नाव ऐकायला खोळंबली होती, आणि तिला सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीसुद्धा नव्हतं.