नऊ भाऊबिजा

भाऊ घरी नसला की भाऊबीजेला बायका चंद्राला ओवाळतात. चांदोबा पोरांचा मामा, म्हणजे आपला भाऊच की. बीजेची कोर बारीक असते आणि लवकर बुडते, म्हणून दिवेलागणीलाच ताट घेऊन अंगणात उभं राहावं लागतं. मी नऊ वर्षं अशी उभी राहिलेय. माझा भाऊ मेलेला नव्हता बरं का. चांगला धडधाकट होता, आधी मुंबईत हायकोर्टाचा न्यायाधीश आणि मग दिल्लीत सगळ्यांत मोठ्या कोर्टाचा.

राघो माझ्याहून चार वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा मी सातवीतून उठले आणि आईबरोबर मिठागरावर जायला लागले, का तर एकाने तरी शिकावं. मिठाने टाचा फुटायच्या. पण त्याची तक्रार नाही, पोराने नाव काढलं.

मग माझा मुलगा कमलेश नगरसेवक झाला आणि कळव्याच्या आमच्या घरावर पक्षाचा झेंडा लागला. ओटीवरच ऑफिस. त्या दिवाळीत राघोचा फोन आला. म्हणाला, ताई, त्या झेंड्याखालून मी आत आलो तर उद्या माझ्या निकालावर कोणीही बोट ठेवील. मी अशी भडकले! फोन आपटला, दोन महिने बोलले नाही. मग हळूहळू पटलं, आणि पुढे तर अभिमानच वाटायला लागला. माझे मालक गेले तेव्हाही तो आला नाही, कारण सगळा पक्ष स्मशानात लोटलेला. फोनवर मात्र लहान पोरासारखा रडला, मीच त्याला गप्प केलं. वाईट वाटलं का? वाटलं ना. माहेरचं म्हणून मला दुसरं होतं कोण?

यंदा माघात त्याच्यापुढे एक खटला आला. कमलेशच्या पक्षाच्या एका मंत्र्याची निवडणूक रद्द करायची की नाही, असा. निकाल मंत्र्याच्या बाजूने लागला आणि आळीत कुजबुज सुरू झाली. समोरची विमलाबाई म्हणजे माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, पण तिचा मुलगा दुसऱ्या पक्षात. आम्ही दोघी पापड लाटत बसलेलो, तेव्हा ती सहज बोलून गेली की मामाने भाच्याचं काम केलं.

मी लाटणं खाली ठेवलं. "विमल, नऊ वर्षं तो माझ्या घरचं पाणी प्यायला नाही. तो या पक्षांच्या हातचं काय पिणार?"

उठून आले ती परत त्या घरात गेले नाही. तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, तरी गेले नाही. संध्याकाळी दोघी देवळात जायचो, तिथे एकटीच जायला लागले. भावाच्या खरेपणासाठी एवढं सोसायलाच हवं, असं मनाला बजावत होते.

जूनमध्ये राघो निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये माझी सून रुपाली ओरडली, आई, टीव्ही बघा. टेंभी नाक्यावर दहीहंडीचं स्टेज, आणि त्यावर राघो, गळ्यात कमलेशच्याच पक्षाचं उपरणं. शेजारी तो निवडणुकीवाला मंत्री हात जोडून उभा. कमलेश नाचायचाच बाकी होता. म्हणाला, मामा आता खासदार होणार. मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी तो आला. दोन गाड्या, चार कॅमेरेवाले. झेंड्याखालून सरळ आत. माझ्या पाया पडला, म्हणाला, ताई, आता काही अडचण नाही. रुपालीने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. करंज्या मी पहाटेच केलेल्या. काय करू, हात राहत नाहीत. तो पाटावर बसला तेव्हा डोक्यावरचा तो लहानपणीचा भोवरा दिसला, पांढरा झालेला. माझा जीव तुटला. ताट हातात घेतलं तरी पुढे सरकवेना.

मी विचारलं, "राघो, तो निकाल कसा दिलास?"

"कायद्यानेच दिला, ताई. तुझी शपथ."

"दिला असशील. पण आता हे मी कोणाला सांगू? मलाच कसं सांगू?"

कमलेश हळूच म्हणाला, आई, फोटोवाले थांबलेत.

दारातून कोर दिसत होती, समोरच्या बिल्डिंगला टेकायला आलेली. मी पाटाला वळसा घालून अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. मागून राघोने एकदा ताई म्हणून हाक मारली, मी वळले नाही. नऊ वर्षं इथे उभी असताना मी कधी एकटी नव्हते. तो का आला नाही ते मला ठाऊक असायचं, आणि तेवढ्यावर माझं माहेर उभं होतं. आज तो आत बसलेला आणि मला कोणी नव्हतं.

तशीच ताट घेऊन समोर गेले आणि विमलाबाईची कडी वाजवली. तिने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग माझ्या दारातल्या गाड्यांकडे.

"अगं, आज तरी भाऊ आला ना तुझा?"

"नाही आला," मी म्हटलं.