सावत्र आईचं नाक

सावत्र आईचं नाक कसं काढावं, या एका प्रश्नापाशी चित्रकार बाईंचं घोडं अडलं होतं. बाकी पुस्तक सुतासारखं सरळ चाललं होतं. जुन्या परीकथा उचलायच्या, नव्या जागी नेऊन बसवायच्या आणि चौकटी-चौकटींतून, चित्रांतून सांगायच्या, अशी प्रकाशनाची मालिका होती. बाईंच्या वाट्याला आली होती ती हरवलेल्या बुटाची गोष्ट. राखेत राबणारी पोर, तिला छळणारी सावत्र आई, राजवाड्यातला नाच, बाराचे ठोके आणि पायऱ्यांवर मागे राहिलेला एक बूट. ही गोष्ट न ऐकलेला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, म्हणून ती नव्यानं सांगणं जास्तच कठीण.

पण बाईंनी युक्ती काढली. त्यांनी ती गोष्ट एका लाँड्रीत नेली. पोर तिथे इस्त्री करते, सावत्र आई गल्ल्यावर बसते, आणि पार्टीला घालायचा झगा येतो कुठून, तर धुवायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या कपड्यांतून. मग बाराच्या आत परत का यायचं, हे कुणाला समजावत बसायला नको. पहाटेच्या गाडीनं झगा पुन्हा धुऊन, इस्त्री करून मालकिणीकडे जायचा असतो! जादू नाही, परी नाही, आणि तरी गोष्ट तीच. संपादकांनी हे फोनवर ऐकलं तेव्हा त्यांनी टेबलावर मारलेली थाप इकडे ऐकू आली होती.

घोडं अडलं ते सावत्र आईपाशी, कारण बाई स्वतः सावत्र आई होत्या.

घरात एक मुलगी होती. सारखं काहीतरी कुरतडत असायची, पेन्सिल नाहीतर नखं, म्हणून बाप तिला खारू म्हणायचा. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. बाई या घरात आल्या त्याला आता दीड वर्ष झालं होतं. खारू त्यांना मावशी म्हणायची. उलट बोलायची नाही, दार आपटायची नाही, पानातलं टाकायची नाही. लोक म्हणायचे, काय गुणी पोर आहे! बाईंना मात्र त्या गुणांनीच धडकी भरायची. शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती विचारायची, “मावशी, फ्रिज उघडू?” स्वतःच्या घरात, स्वतःच्या जन्माच्याही आधीपासून तिथे असलेला फ्रिज! असं पाहुणे विचारतात. बाईंना देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. या पोरीनं एक दिवस न विचारता फ्रिज उघडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आता अशा घरात बसून दुष्ट सावत्र आई काढायची म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यातून बाईंची काम करायची पद्धत अशी, की टेबलाला एक आरसा अडकवलेला असायचा. चेहरे काढणारे बरेच लोक असा आरसा ठेवतात. राग काढायचा असेल तर आरशात रागवायचं आणि जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. त्यामुळे होतं काय, की चित्रातला जो तो थोडा थोडा आपल्यासारखा दिसायला लागतो. या पुस्तकातल्या राजपुत्राचे कानसुद्धा बाईंचेच होते. सावत्र आईची वेळ आली तेव्हा बाईंनी आरशात डोळे वटारले, ओठ आवळले, आणि कागदावर कोण उतरलं, तर त्या स्वतः, झाडू घेतलेल्या एका पोरीवर खेकसताना! त्यांनी ते इतकं खोडलं की कागद विरला. कारण शाळेतून आल्यावर खारू आधी टेबलाशी जायची आणि एकेक पान बघायची. बोलायची काही नाही, नुसती बघायची. म्हणून मग सावत्र आईचं नाक हळूहळू आखूड झालं, गाल गुबगुबीत झाले, आणि शेवटी तिला एक गरीब चष्माही मिळाला.

वन्सं, म्हणजे खारूची आत्या, समोरच्याच इमारतीत राहायच्या. एका संध्याकाळी चहाला आल्या आणि पुस्तकाचा विषय ऐकून कप खाली ठेवून हसल्या.

“सावत्र आईची गोष्ट सावत्र आईनंच काढायची? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणायच्या या!”

खारू बिस्किट बुडवत होती. तिनं मान वर केली नाही. बाईही हसल्या, अशा वेळी हसावंच लागतं म्हणून. कप विसळताना मात्र त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन.

“बाई, पानं बघितली. लाँड्री एक नंबर झालीय. इस्त्रीची वाफ बघून माझ्या चष्म्यावर धुकं आलं. पण ही सावत्र आई? हिला बघून मला वाटलं, हिच्याकडे जाऊन दोन कप चहा प्यावा!”

“तिलाही तिची बाजू असेल ना,” बाई म्हणाल्या.

“असेल की. पण मग पोर पळते कशाला? एवढ्या मायाळू बाईच्या डोळ्यांत धूळ फेकून, गिऱ्हाइकाचा झगा घालून पार्टीला जाते, म्हणजे पोरगीच लबाड ठरली. तुम्ही एकीला वाचवायला गेलात आणि दुसरीला बुडवलीत. महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर मला हे दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.”

फोन ठेवल्यावर बाईंनी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. त्यातल्या एकीलाही जोर नव्हता, कारण माणूस बरोबर बोलत होता.

पण बाई चिवट होत्या. लाँड्री त्यांची होती, बाराचे ठोके त्यांचे होते, आणि दुसऱ्या कुणी येऊन तिथे इस्त्री फिरवायची हे त्या मरेपर्यंत होऊ देणार नव्हत्या. आरसा त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवला आणि वही घेऊन घराबाहेर पडल्या. बँकेतली खिडकी आपटणारी बाई काढली, बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून भांडणारी काढली, भाजीच्या दुकानातली काटा मारणारी काढली. सगळ्या रागावलेल्या निघाल्या, वाईट एकही निघेना. मग त्यांनी नवऱ्याला उभं केलं. त्यानं बिचाऱ्यानं मनापासून दुष्टपणा केला, पण चेहरा असा झाला, की बाईंनी त्याला ओव्याचं पाणी करून दिलं.

त्या दुपारी खारू आली तेव्हा जमिनीवर फाडलेल्या कागदांचा खच पडला होता. एक तुकडा उचलून तिनं बराच वेळ बघितला.

“मावशी, ही अशी का आहे?”

“अशी म्हणजे?”

“सावत्र आई ना ही? मग वाईट का नाही?”

बाईंनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. टोक आधीच होतं.

“मी बघीन म्हणून?” खारूनं विचारलं.

खोटं बोलावं असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. “हो,” त्या म्हणाल्या.

“मी काय कुकुलं बाळ आहे? गोष्टीतली कुठली आणि घरातली कुठली, कळतं मला.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि बाबाला कशाला उभं केलंस? त्याला झुरळसुद्धा मारता येत नाही. मी करते.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बाईंनी पुस्तकांच्या ढिगाला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला. खारूनं बाईंचा लांब कोट चढवला, कमरेवर हात ठेवले. झाडणारी पोर हवी म्हणून बाई स्वतः केरसुणी घेऊन टेबलाखाली शिरल्या. पहिल्यांदा दोघींना हसूच आवरेना. मग खारूनं घसा साफ केला.

“ए! कोपऱ्यातला केर तुझा काका काढणार का?”

“छान. अजून वाईट,” बाई खालून म्हणाल्या.

“कपडे वाळले नाहीत तर उपाशी ठेवीन!”

“अजून. घाबरू नकोस, मी उत्तर देणार नाही.”

“हे माझं घर आहे, कळलं?” खारूचा आवाज चढला. “तू आत्ता आलीस! विचारल्याशिवाय इथलं काही हलवायचं नाही! खिडकीतली खुर्ची कुणी हलवली? कुणाला विचारलंस? ती तिथेच असते! तुझ्या टेबलासाठी तिला गॅलरीत टाकलीस, उन्हात, तिचा सगळा रंग गेला!”

बाईंनी टेबलाखालून वर बघितलं. खारूच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, हनुवटी वर होती, आणि डोळे काठोकाठ भरले होते. इतके दिवस ज्या चेहऱ्यासाठी बाई गावभर हिंडल्या तो हा होता. आपली जागा कुणीतरी घेतंय, या भीतीनं कडू झालेला चेहरा. लाँड्रीतल्या सावत्र आईला कशानं वाईट केलं, तेही बाईंना त्याच क्षणी समजलं.

“मी अॅक्टिंग करत होते,” खारू पुटपुटली.

“आईची खुर्ची होती?”

खारूनं मान हलवली.

“मला कुणी सांगितलं नाही गं.”

“तू विचारलं नाहीस.”

हे खरं होतं. बाईंना इतकी लाज वाटली की कान तापले. खिडकीतला उजेड चांगला, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिथे टेबल लावलं होतं, आणि पोर सगळं बघत गप्प उभी होती. त्या टेबलाखालून बाहेर आल्या, केरसुणी बाजूला ठेवली.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “आता टेबलाचं ते टोक धर.”

टेबल आतल्या भिंतीला गेलं. तिथे उजेड नव्हता, पण दिवा विकत मिळतो. गॅलरीतून खुर्ची आत आली. तिचे हात उन्हानं पांढुरके पडले होते. बाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसली आणि जिथे होती तिथे, खिडकीपाशी ठेवली. खारूनं ती दोन बोटं डावीकडे सरकवली आणि मग तिच्यात पाय वर घेऊन बसली.

“बसलीस? मग आता तिथूनच ओरड,” बाई केरसुणी घेऊन पुन्हा फरशीवर बसत म्हणाल्या. “मला अजून बरीच पानं काढायची आहेत. आणि ते काकाचं परत म्हण, ते मस्त होतं.”

खारू ओरडली. केरावरून ओरडली, इस्त्रीवरून ओरडली, दीड वर्षाचं साठलेलं असावं तसं ओरडली आणि मधे मधे खो खो हसली. घसा बसला तेव्हा ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. विचारलं नाही. बाई केरसुणी धरून होत्या तिथेच बसून राहिल्या. व्हिडिओ चालूच होता.

मग बाई कामाला लागल्या त्या लागल्याच. व्हिडिओ बघून केर काढणारी पोर नव्यानं काढली, आणि सावत्र आई तर सगळ्या पानांवर. तिला गल्ल्यावर बसायला एक उन्हानं विटलेली खुर्ची दिली. महिनाअखेरीला पानं गेली, आणि संपादकांचा फोन आला.

“आता भीती वाटते हो हिची. आणि कीवही येते. कसं जमवलंत?”

“मॉडेल चांगली मिळाली,” बाई म्हणाल्या.

पुस्तक छापून आलं त्या दिवशी वन्सं चष्मा घेऊनच आल्या. पानं उलटता उलटता एका चित्राशी थांबल्या, आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“काय ते फेंदारलेलं नाक! काय तो तोरा!” बाईंकडे बघून त्या म्हणाल्या, “बाहेर आलं म्हणायचं शेवटी खरं रूप!”

खिडकीतल्या खुर्चीत खारू पेन्सिल कुरतडत बसली होती.

“आत्या, चष्मा पूस,” ती म्हणाली. “ती मी आहे.”

“अगं, काहीतरीच!”

“मीच आहे. मावशी ती नाही. मावशी ही बघ, खाली, केर काढतेय ती.”

वन्संनी चित्र बघितलं, खारूचं नाक बघितलं, पुन्हा चित्र बघितलं.

“मग तो बूट शेवटी होतो कुणाला?” त्यांनी विचारलं.

“मावशीलाच होतो,” खारू म्हणाली. “पण त्याआधी मी तिला पुस्तकभर छळते.”