दुप्पट वेगाचं पीठ

आईला भाकरी हवी होती, बास. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा, अमेरिकेतलं चँडलर गाव, बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, आणि आत पोटातल्या गाठीने अंथरुणाला खिळलेली म्हातारी. डॉक्टरांनी हात टेकले होते. बार्शीला परत नेण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सूप म्हणा, मऊ भात म्हणा, ती मान फिरवायची. "गुरू, एक भाकरी दे रे बाबा, मग काय व्हायचं ते होऊ दे," म्हणायची.

ज्वारी मिळाली. तिथे ती गुरांच्या खाद्याच्या दुकानात, मायलो नावाने, पोत्याने मिळते. पण दळायची कशात? मिक्सरमधून निघाली ती नुसती कणी. मग गुरुदत्तने ठरवलं, गिरणी आपणच करायची. जुन्या कूलरची मोटर गराजमध्ये पडून होती. दळायचे दोन छोटे दगड त्याने कुठूनसे पैदा केले. ते आहे त्या मोटरच्या दांड्यावर बसवले असते तर त्याच दिवशी पीठ पडलं असतं. पण हा पडला चिप बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर! साधं सरळ केलं तर कमीपणा आला असता जणू. त्याने मोटर उघडली, आतली तांब्याची तार उपसून काढली आणि वेग दुप्पट होईल अशी नवी तार भरायला घेतली. वेग दुप्पट, म्हणजे दळण निम्म्या वेळात आणि बारीक, असा त्याचा हिशोब.

ऑफिसातून आला की गराज. "अहो, जरा आईंजवळ बसा ना," विनीता म्हणायची.

"तिच्यासाठीच तर चाललंय!" तो बायकोवर खेकसायचा. खोटंही नव्हतं ते. खोलीत बसलं की आईची काडीसारखी मनगटं दिसायची. गराजमध्ये निदान हात चालू असायचे, रडू यायचं नाही.

शनिवारी मोटर सुरू झाली ती किंचाळतच. "डॅड, टर्न इट ऑफ!" म्हणत त्यांची लेक दीपा कानांवर हात ठेवून पळाली. पण पीठ काय सुरेख पडलं! अगदी पावडर! गुरुदत्त हरखला. विनीताने परातीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"अगंबाई, केवढं गरम आहे हे!"

तिने मळलं, थापायला घेतलं, तर भाकरी बोटांखालीच भेगाळली. उचलली की तुकडे. उकळत्या पाण्याने पुन्हा मळून पाहिलं, पुन्हा तेच.

"विरी गेली पिठाची, चिकटपणाच उरला नाही," ती हळूच म्हणाली. "जळालंय. फार जोरात दळलं गेलं."

"झाली का रे?" आतून आईने विचारलं.

"होतेय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता तार पुन्हा उपसायची, पहिल्या वेगाची भरायची, वार्निश वाळवायचं. आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात आई चमचाभर पाण्यावर आली.

पुढच्या रविवारी मोटर शांत घुमली. पीठ हाताला गार लागलं. विनीताने भाकरी आचेवर टाकली आणि मेली टम्म फुगली! गुरुदत्त ताट घेऊन धावला. दुधात कुस्करलेला घास त्याने आईच्या ओठांशी धरला. घास आत गेला आणि तसाच हनुवटीवर ओघळला. आईचं गिळणंच संपलं होतं.

त्याने तिच्याच पदराने तिचं तोंड पुसलं. त्याला हंबरडा फोडावासा वाटला.

"तू खा," ती म्हणाली. "मी बघते."

"नको गं आई."

"खा रे. माझ्यासमोर खा."

तो खाऊ लागला. तो चावायचा तसे तिचे ओठ हलायचे.

"बरी झालीय?"

"छान झालीय," तो म्हणाला. चव त्याला लागतच नव्हती.

"मग अजून घे."

विनीताने दुसरी वाढली. मग तिसरी. त्याने नाही म्हटलं नाही. आईचं बघणं कधी थांबलं ते त्याला कळलंच नाही. मान खाली घालून तो खातच होता.