तोक्तोसुन आजोबांची चंद्रकोर

मी एक जुनी लेन्स आहे. लांबुळकी, वजनदार आणि, खोटं कशाला बोलू, जराशी मानी. मित्रांनो, तुमच्या फोननं चंद्राचा फोटो काढला की तांदळाचा दाणा दिसतो. मी काढते तेव्हा त्यावरचे खड्डेसुद्धा दिसतात! पण त्यासाठी मला एकीची मर्जी सांभाळावी लागते. हवेची. ती बिनसली की माझं काही चालत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नारिन नावाच्या डोंगराळ मुलुखात आले, डोंगरावरचं बर्फ मोजणाऱ्या लोकांकडे. तेव्हा माझा काय थाट होता! स्वतंत्र पेटी, मखमली अस्तर. मग ते काम बंद पडलं आणि मी कुणाच्या तरी कपाटात, वाळलेल्या जर्दाळूंच्या पिशवीमागे जाऊन पडले. कितीतरी हिवाळे मला कुणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं नुरझातनं. ती लग्नाचे फोटो काढते. तिनं मला पुसलं, आपल्या नव्या कॅमेऱ्याला जोडलं आणि म्हणाली, "म्हातारे, आजोबांसाठी एक काम करशील?"

काम असं होतं. त्यांच्या घरची रीत आहे की नवी कोर दिसली की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं ओंजळ पसरून घरादारासाठी मागणं मागायचं. पण कोर स्वतः पाहून. तोक्तोसुन आजोबांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. नाकाशी धरलेलं तेवढं दिसायचं. एकदा त्यांनी भलत्याच दिशेला ओंजळ धरली आणि पोरं खुसुखुसु हसली. झालं! म्हातारबुवा रुसले.

"न दिसलेल्या चंद्राकडे काय मागू? यापुढे तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. मागणं थांबलं आणि घराची रयाच गेली. नुरझातनं मनाशी ठरवलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोर मोठी करून दाखवायचीच.

पहिला प्रयत्न खाली गावात झाला. नवी कोर आकाशात खाली टेकलेली असते. तिचा उजेड हवेच्या जाडजूड थरातून आमच्यापर्यंत येतो. त्यात रस्त्याची धूळ आणि घराघरांतला कोळशाचा धूर. फोटोत नुसता तांबूस डाग आला. आजोबांनी पडदा नाकाशी नेला.

"हा चंद्र की तुझ्या काकूचा करपलेला नान?"

पुढच्या कोरीला सगळे गुरं घेऊन उंच कुरणावर गेले होते. तिथली हवा विरळ, आणि आदल्या दिवशीच्या पावसानं धुऊन निघालेली. मला तर स्फुरण चढलं! पण नुरझातनं घाईत मला उबदार तंबूतून थेट थंडीत नेलं आणि माझ्या आत शिरलेली तंबूतली वाफ काचेवर आतून घामेजली. सगळं धुरकट. काच निवेपर्यंत थांबावं लागलं. तोवर कोर डोंगराकडे सरकत होती.

काच निवळली, आणि पाहते तर काय, कोर थरथरतेय! पाण्यात पडल्यासारखी.

"म्हातारी थकली वाटतं," नुरझात रडवेली झाली.

"अगं, थंडी वाजत असेल तिला," तिची काकू बुरुलचा म्हणाली. पाहुणा असो की काम, चहाशिवाय काही सुरू होऊ द्यायचं नाही, हा काकूचा बाणा. तिनं पेटता सामोवार, म्हणजे चहाचा बंब, आधीच माझ्यापुढं मांडला होता. तो तिनं मायेनं आणखी जवळ सरकवला. कोर थरथरायची ती नाचायला लागली!

तेव्हा नुरझातच्या ध्यानात आलं. सामोवारावरून तापलेली हवा वर उठत होती आणि मला तिच्यातूनच बघावं लागत होतं.

"काकू, सामोवार उचल!"

"अगं, उकळी आलीय!"

"मरू दे तो चहा!"

वडीलधाऱ्यांसमोर चहाला असं बोलतात होय? पण आजोबा खो खो हसले. "उचला रे. माझ्यासाठी चहा थांबतोय, हे भाग्य कुठलं!"

सामोवार गेला. हवा शांत झाली. कोर डोंगराला टेकणार, इतक्यात खट्! नुरझातनं पडदा आजोबांच्या नाकाशी धरला. त्यांनी तो आणखी जवळ ओढला.

"शिंगं दिसतायत," ते हळूच म्हणाले. "दोन्ही शिंगं दिसतायत गं, पोरी!"

नुरझातनं त्यांना खांद्याला धरून पश्चिमेकडे वळवलं. आजोबांनी ओंजळ पसरली. "नव्या चंद्रा, गुरांना चारा दे, पोरांना अक्कल दे आणि बुरुलचाला थोडा धीर दे." मागणं संपल्यावर करतात तसे सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. काकू हसता हसता डोळे पुसत होती. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आणि तेवढ्यात माझ्या जिवावर बेतलं! घोडींचं दूध काढायचा हंगाम सुरू झाला की इथं शिंगरं बांधायच्या दोरीला लोणी फासतात, बरकत यावी म्हणून. मलाही तोच मान द्यायला आजोबांनी लोण्याच्या वाटीत बोट बुडवलं आणि थेट माझ्या काचेकडे आणलं.

"आजोबा, काचेला नको!" सगळं घर ओरडलं.

"मग कुठं लावू? या बिचारीचं कपाळ तरी कुठंय?"

नुरझातनं त्यांचं बोट धरून माझ्या धातूच्या कड्यावर टेकवलं.

तर मित्रांनो, लेन्सला गार हवेत आधी निवू द्या. धूळ हलक्या हातानं झाडा. काचेला प्रेमानंसुद्धा बोट लावू नका. पण माझ्या कड्यावर एक तेलकट ठसा आहे, तो मात्र कुणी पुसू नका. माझं कपाळ तिथं आहे.