अकरा झोपड्यांचा एक दरवाजा

मित्रांनो, मला जप्त करण्यात आलं. नाही, असं काही घडलेलंच नाही; मी आपला सहज या भिंतीला टेकून उभा आहे. आपण सुरुवातीपासून बघू.

मी एक जुना दरवाजा आहे. नामपूरच्या एका सुताराने मला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरासाठी घडवलं. ते घर रस्ता रुंदीकरणात गेलं, मी उरलो. हात बदलत बदलत नाशकात पेठ रोडच्या एका बांधकामावर आलो. तिथे मेस्त्री माझ्यावर सिमेंट कालवायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "अशी फळी मिळत नाही." दरवाजाने एका जागी राहायचं असतं. मला नेमकं तेवढंच जमलं नाही.

त्या बांधकामावर चंदर वाळू वाहायचा. तो सुरगाण्याकडचा. भात कापून झाला की तो, त्याची बायको सरुबाई आणि गावातली आणखी दहा घरं कामासाठी इथे येत. रस्त्याकडेला बांबू आणि निळ्या प्लास्टिकच्या अकरा झोपड्या उभ्या राहत.

२००० सालच्या डिसेंबरात पालिकेच्या दवाखान्यातल्या तृप्ती सिस्टर तिथे पोलिओचे थेंब घेऊन आल्या. मुलांची नावं वहीत लिहायची, थेंब द्यायचे आणि दारावर खडूने खूण करायची, असा नियम होता. प्लास्टिकवर खडू उमटेना. थेंब उद्यावर ढकलत सिस्टर वैतागून म्हणाल्या, "एखादं दार असतं तर बरं झालं असतं."

चंदरने तो सरकारी हुकूम समजून मनावर घेतला. संध्याकाळी त्याने मला डोक्यावरून आणलं आणि आपल्या झोपडीला टेकवलं. अकरा घरांत मिळून एक दरवाजा, तोही उघडत नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेला की मी थरथरायचो, झोपडी माझ्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, तर वस्तीत एकही मूल नाही. मागच्या वर्षी एक माणूस असाच नावं विचारून, खडूने आकडे टाकून गेला होता. मग त्या नावांनी नोटिसा आल्या, मग गाडी आली, मग झोपड्या गेल्या.

"पोरं कुठे आहेत?"

"गावाला धाडली," सरुबाई म्हणाली. तिची आठ महिन्यांची रोशनी तेव्हा कोंबडीच्या डालग्याखाली होती, कोंबडीसकट. तेवढ्यात डालगं रडलं.

"सरुबाई, तुमची कोंबडी रडते आहे."

"तिला सवय हाय."

"थेंब चुकले आणि पोरीचा पाय लुळा पडला तर?"

"आन् नाव दिलं आन् घर गेलं तर? बाई, तूच सांग, पाय ठेवू का घर?"

सिस्टरनी पिशवीतला खडू काढला. मग त्यांनी माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या वहीतली नावं थेंबांपुरतीच. दुसऱ्या कोणालाही देणार नाही.' खाली सही आणि तारीख. चौथी शिकलेल्या चंदरने बोट ठेवून वाचून दाखवलं. सरुबाईने तीनदा वाचून घेतलं आणि मग डालगं उचललं.

रोशनीच्या तोंडात दोन थेंब पडले, करंगळीला शाई लागली. मग शेजारच्या द्राक्षबागेतून, सिमेंटच्या पाइपातून, एका रिकाम्या पिंपातून पोरं निघाली. एकूण चौदा.

गुरुवारी राहिलेली खूण करायला सिस्टर आल्या होत्या, आणि अतिक्रमणाची गाडीही आली. यादवसाहेब उतरले ते थेट माझ्यासमोर.

"झोपडीला दरवाजा? म्हणजे पक्कं बांधकाम!" त्यांनी मला ढकललं. मी पडलो.

"कच्चं हाय, साहेब," मला उचलत चंदर म्हणाला.

साहेब सिस्टरकडे वळले. "वही द्या. नावाशिवाय नोटीस निघत नाही."

"ही थेंबांची वही आहे."

"पालिका एकच ना आपली?"

"पालिका एक. शब्द माझा."

"कुठे दिलाय?"

सिस्टरनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला वाचलं. सही होती, तारीख होती. पुसावं तर सरकारी मजकूर पुसल्याचा ठपका, न पुसावं तर पाळणं आलं. साहेब दोनदा गाडीपर्यंत जाऊन परत आले. शेवटी त्यांनी पंचनामा केला, 'एक दरवाजा. घर आढळले नाही.' रिकामी गाडी परत नेता येत नाही म्हणे, म्हणून मला नेलं. वही सिस्टरच्या पिशवीतच राहिली. झोपड्या उभ्या राहिल्या.

मला गोदामात ठेवलं. सहा आठवड्यांनी थेंबांची दुसरी फेरी आली, आणि गोदामाच्या फाटकावर सिस्टरच्या मागे चौदा पोरांची रांग लागली.

"कोणाला भेटायचंय?" रखवालदाराने विचारलं.

"दाराला," सरुबाई म्हणाली. "लिवलेलं त्याच्यावर हाय. त्याच्यासमोरच पोर देनार."

त्याने नोंदवहीत 'भेट : दरवाजा' असं लिहून त्यांना आत सोडलं. सरुबाईने न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, रोशनीचं तोंड उघडलं आणि थेंब पडल्यावर विचारलं, "सिस्टर, आन् तुझी बदली झाली तर?"

सिस्टरनी पुढच्या पोराला जवळ घेतलं. गेल्या महिन्यात त्यांची बदली झाली. तेव्हापासून मला एका जागी उभं राहवत नाही. गोदामात कोणी आलं की वाटतं, हा फडका घेऊनच आलाय.

मित्रांनो, दिलेला शब्द जपा. कोणीतरी त्यावर आपलं लेकरू पुढे करतं. मी माझ्यापुरता अर्ज केला आहे :

'महोदय, अर्जदार दरवाजा विनंती करतो की, अर्जदाराच्या अंगावरील खडूचा मजकूर सर्व खात्यांना तसेच बदलून येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला व साहेबांना कायमचा लागू करावा. तसा आदेश निघेपर्यंत सदर गोदामात वारा येण्यास मनाई करावी, ही विनंती.'